पितळी बॅटरी आणि जाळ्याची दोरी

मला पहिली नोकरी लागली त्यात माझ्या मार्कांचा जितका वाटा होता, तितकाच माझ्या अंगकाठीचा होता. हे मला लागल्यावर महिन्याभराने कळलं. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एक वर्कशॉप होतं, तिथे रसायनांच्या कारखान्यांसाठी टाक्या बनायच्या. दोन माणसं उभी राहतील एवढ्या, कधी त्याहून मोठ्या. टाकीत उतरायला वरून एक गोल भोक ठेवलेलं असतं, त्याला मॅनहोल म्हणतात, आणि आतलं वेल्डिंग तपासायला कुणीतरी त्यातून आत जावंच लागतं. माझ्या आधीचे तपासनीस लग्नानंतर चांगले भरले होते. एकदा ते मॅनहोलमध्ये कमरेशी अडकले आणि चौघांनी त्यांना ग्रीस लावून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी ऑफिसातलं काम मागून घेतलं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बसलेले. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मुलीने मेकॅनिकल केलं याचंच लोकांना नवल, मग नोकरी कोण देतो! मॅनेजरसाहेबांनी मुलाखतीत वेल्डिंगवर तीन-चार प्रश्न विचारले, मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, अंधाराची भीती वाटते का. मी नाही म्हटलं. डोंबिवलीत राहणाऱ्याला अंधाराची कसली भीती, आमच्याकडे दिवे असायचे तेवढा वेळ आम्ही मोजायचो.

पहिल्या टाकीत मी उतरले ती घरातली प्लॅस्टिकची बॅटरी घेऊन. आता सगळे टॉर्च म्हणतात, आमच्या घरी बॅटरीच म्हणायचे. दोन सेलची, लाल, बटण अंगठ्याने दाबून धरावं लागायचं. वडील ती गॅलरीच्या खिळ्याला टांगून ठेवत. पंजाबी ड्रेसवर खाकी बॉयलर सूट चढवून मी शिडीने आत गेले, सांध्यांवरून उजेड फिरवला, सगळं गुळगुळीत दिसलं. वर येऊन कागदावर सही केली.

दोन दिवसांनी ज्यांची टाकी होती त्यांचा इंजिनिअर आला. तोही आत उतरला आणि दहा मिनिटांत वर येऊन म्हणाला की खालच्या सांध्याशेजारी पत्रा खाल्ला गेलाय, नख अडकतंय इतका. वेल्डिंगच्या कडेने अशी बारीक चर पडते, तिला अंडरकट म्हणतात. तिथूनच पुढे टाकी फुटू शकते. वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते. मॅनेजरसाहेब एवढंच म्हणाले, "मॅडमना दिसलं नाही वाटतं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा बोलले ते हेडफिटर. पन्नाशी ओलांडलेले, काळेसावळे, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी कुटुंबातले. वडिलांची होडी होती, पण खाडीत कारखान्यांचं पाणी उतरू लागलं तसे हे तरुणपणीच फिटरकामात शिरलेले. सगळे त्यांना काका म्हणत. ते शांतपणे म्हणाले, "चूक बायची नाय साहेब. बॅटरीची हाय."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचे आभार मानायला गेले तर डबा उघडता उघडता ते म्हणाले, "साहेबासमोर बोललो ते साहेबासाठी. चूक तुझी पन हाय. उजेर समोरून मारलास."

त्यांच्या बोलीत ड चा र व्हायचा. उजेड म्हणजे उजेर, आडवा म्हणजे आरवा. मला पहिले काही दिवस नीट समजायचं नाही.

जेवण झाल्यावर ते मला त्याच टाकीपाशी घेऊन गेले. वेल्डरचा वायरीचा दिवा त्यांनी आत सोडला आणि मला खाली उतरवलं. स्वतः मॅनहोलवर पालथे पडून सांगत होते. आधी दिवा सांध्यासमोर धरायला लावला, सगळं गुळगुळीत. मग म्हणाले, आता पत्र्याला जवळजवळ चिकटव आणि आरवा धर. मी तसं केलं आणि त्या सपाट पत्र्यावर एकदम डोंगरदऱ्या उठल्या. प्रत्येक खड्ड्याने स्वतःची सावली पाडली. ती चर काळ्या पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसायला लागली. वरून काका म्हणाले, ओहोटीला सकाळी खाडीच्या चिखलात बघ, चिमणीची पावलंसुद्धा दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तोच चिखल सपाट.

मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

वायरीचा दिवा मात्र वेल्डर लोकांचा होता. तो कमी व्होल्टचा, त्याला जड ट्रान्सफॉर्मर लागायचा, आणि मी मागितला की कुणाचं तरी काम थांबायचं. काकांचं म्हणणं पडलं की तुला तुझी स्वतःची बॅटरी पाहिजे, लोखंडावर पडली तरी न फुटणारी. विठ्ठलवाडीला स्टेशनजवळ जुन्या सामानाची दुकानं आहेत तिथे बघ, असं त्यांनी सांगितलं. काय बघायचं तेही सांगितलं. "चमक बघू नको. आटे बघ. आटे चांगले असले की बाकीचं आपन करू."

सुट्टीच्या दिवशी मी आईला घेऊन विठ्ठलवाडीला गेले. आई सोबत आली ती मुख्यतः मी एकटी भंगारवाल्यांच्या गल्लीत फिरू नये म्हणून. तिला मनातून हे सगळं पटत नव्हतं, लोकांच्या मुली कशासाठी आयांना बाजारात नेतात आणि ही कशासाठी, हे तिने वाटेत एकदा बोलून दाखवलं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. मिलिटरीतून निकालात निघालेलं, कारखान्यांतून लिलावात आलेलं असं काय काय रचलेलं. दुकानदार म्हातारा सिंधी गृहस्थ होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी बॅटऱ्या मागितल्यावर त्याने सात-आठ काढून ठेवल्या. मी एकेक घेऊन बटण न दाबता नुसती उघडत होते, आटे बघत होते. ते बघून त्याने बाकीच्या उचलून ठेवल्या आणि आतून एक वेगळीच आणली.

ती पितळी होती. वरचा चकचकीत मुलामा ठिकठिकाणी उडून पिवळं पितळ दिसत होतं. आणि ती एक वस्तू नव्हतीच, चार वस्तू होत्या. काचेचं डोकं, मान, मधली नळी आणि बूड. प्रत्येकाला दोन्ही टोकांना जाड, खोल आटे. त्याने ती चारही अंगं सोडवून फळीवर मांडली आणि न बघता, माझ्याशी बोलता बोलता, परत जोडून दाखवली. आईने मग मनापासून घासाघीस केली. येताना गाडीत ती बॅटरी आईच्याच मांडीवर होती आणि आई बोटाने तिचं बूड फिरवत होती.

काकांनी ती हातात घेतली, मान सोडवली, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि उठून सरळ टर्नरकडे गेले. आमचा टर्नर साताऱ्याकडचा, दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. लेथवर त्याचा हात असा होता की त्याने कातलेल्या पितळेवर बोट ठेवलं तर काचेवर ठेवल्यासारखं वाटे. दोघांनी त्या बॅटरीकडे बघत बराच वेळ काढला. त्यानंतरचे दोनेक महिने जेवणाच्या सुट्टीत तिचंच काम चाललं.

पहिलं काम तिसऱ्या सेलचं. टर्नरने पितळी पाइपच्या उरलेल्या तुकड्यातून नळी कातली, तिला दोन्हीकडे तसेच आटे पाडले, आणि मधल्या नळीला ती जोडली. बॅटरी लांब झाली, तिसरा सेल बसला. मी बटण लावलं, डोळे दिपतील असा पांढरा प्रकाश पडला आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. दोन सेलचा बल्ब तीन सेलवर जळून गेलेला. डिप्लोमा मी केला होता आणि हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं. टर्नरने त्या दिवशी त्याचे दहापैकी दोन शब्द खर्च केले, "बल्ब बदला." त्यानंतर मी बुडात कापसात गुंडाळून दोन जादा बल्ब ठेवू लागले. काकांनी मला डोळे मिटून बल्ब बदलायला लावलं, रोज एकदा, जमेपर्यंत.

मग मान. सरळ बॅटरी पत्र्याला आडवी धरायची तर आपला हातच मध्ये येतो. म्हणून टर्नरने काटकोनात वाकलेली एक दुसरी मान बनवली. ती लावली की बॅटरी उभी धरून उजेड आडवा जायचा. अरुंद जागी आधीची मान, सांध्यावर ही मान, मी खिशात दोन्ही बाळगायचे. काच बदलली ती टाकीवर बसवायच्या झरोक्याच्या काचेने. हातोडी मारली तरी न फुटणारी ती जाड गोल काच स्टोअरमध्ये कडेला टवका गेल्यामुळे पडून होती. ती बसावी म्हणून डोक्याची कडी नव्याने कातावी लागली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा अंगावर चढवला, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून. कुणीतरी बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणून दिलं, ते बुडाला बसवलं, म्हणजे लोखंडी टाकीत बॅटरी भिंतीला चिकटून राहायची आणि माझे दोन्ही हात मोकळे. स्टेनलेस स्टीलच्या टाकीत मात्र ते चिकटायचं नाही.

एके दिवशी मॅनेजरसाहेब लेथपाशी येऊन उभे राहिले. कंपनीचं पितळ, कंपनीचं मशीन. त्यांनी बॅटरी उचलली, मान काढली, लावली, उजेड स्वतःच्या तळहातावर पाडून पाहिला आणि ती परत ठेवून निघून गेले. पुढच्या आठवड्यात स्टोअरकीपरने मला बोलावून सेलचा आणि बल्बचा डबा दिला, म्हणाला साहेबांनी तुमच्या नावाने मागवलाय.

आईने वडिलांच्या जुन्या रेनकोटचं कापड कापून बॅटरीसाठी पट्ट्याला अडकवायची पिशवी शिवली. आत तीन कप्पे, मानेला, बल्बला, खडूला. तिला मी न सांगता कसं कळलं कोण जाणे, पण घाम पुसायच्या रुमालासाठी तिने चौथा कप्पाही ठेवला होता.

काका एका बाबतीत फार कडक होते. कधी कधी आम्हाला वापरात असलेल्या टाकीच्या दुरुस्तीला गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जावं लागायचं. तिथे टाकी धुऊन, वारा घालून, तपासून झाल्याशिवाय ही बॅटरी ते मला दारातूनसुद्धा आत नेऊ द्यायचे नाहीत. बटणाच्या एवढ्याशा ठिणगीने काय होतं ते त्यांनी तरुणपणी कुठेतरी पाहिलेलं. काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा मी शिडीवरून उतरताना बॅटरी हातातून सुटली आणि टाकीच्या तळाशी घंटेसारखी आपटली. काच शाबूत, डोक्याची कडी चेपली. ती सरळ करून देताना काका म्हणाले, हिला दोरी पाहिजे, आणि दोरीचं काम माझं नाही, घरी चल.

ठाण्याला खाडीकडच्या त्यांच्या घरी मी सुट्टीच्या दिवशी गेले. काकी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या. घरातली होडी आता काकांचा भाऊ चालवायचा. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि बॅटरी हातात घेऊन वजन पाहिलं. मग किती प्रश्न विचारले! कोणत्या हातात बांधणार, दुसऱ्या हातात काय असतं, आत खाली बसतेस का उभी असतेस, आत फिरतं असं काही असतं का. मी म्हटलं, काही टाक्यांत ढवळायचा दांडा असतो, खाली पाती असतात, पण मी आत असताना तो बंदच असतो. काकींनी मान हलवली. जाळ्याच्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचे चार पदर घेऊन त्यांनी दोरी विणली, एक टोक बुडाच्या कडीला पक्कं केलं आणि दुसऱ्या टोकाला मनगटासाठी फास बांधला. मी ओढून बघितला तर थोड्या ओढीला तो घट्ट राही, पण जोरात हिसका बसला की गाठ आपोआप उलगडून हात मोकळा होई. मला वाटलं गाठ कच्ची बसलीय. मी तसं म्हटलंही.

काकी म्हणाल्या, "आसच पायजे. अरकलं त सुटाला पायजे. नाय त दोरी तुना घेऊन जाल."

काकांच्या भावाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. जाळ्याच्या दोरीने नेलेली. तो समोरच बसून चहा पीत होता, त्याने हात वर करून मला दाखवला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मी आडव्या उजेडात इतकं काही बघायला शिकले की गिऱ्हाइकांचे इंजिनिअर आत न उतरता माझ्या खुणा बघून सही करायला लागले.

मग तो दिवस आला. स्टेनलेस स्टीलची टाकी होती, मध्ये ढवळायचा दांडा आणि खाली दोन रुंद पाती बसवलेली. वर मोटर अजून यायची होती. सकाळी अकराच्या चहाला सगळे गेले. माझा शेवटचा सांधा उरला होता, म्हटलं उरकून वर जाऊ. चुंबक तिथे चिकटत नव्हतं, म्हणून मी दोरीचे दोन वेढे त्या दांड्याला दिले, बॅटरी पात्याखाली लोंबकळत ठेवली आणि तळाशी बसून खडूने खुणा करू लागले. फास माझ्या डाव्या मनगटात होता. तो काढून ठेवावा हे मला सुचलं नाही.

काका चहा न घेताच परत आले होते. मोटर बसवायच्या आधी तिला दांड्याशी जोडणारं वरचं कपलिंग सरळ बसलंय का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी मॅनहोलमधून आत डोकावलं, हाक मारली. शेजारच्या कारखान्यात ग्राइंडिंग चालू होतं, मला ऐकू आलं नाही. मी पात्याच्या आड बसलेले आणि बॅटरीचं तोंड भिंतीकडे. त्यांनी कपलिंगला पाइप लावला आणि दांडा फिरवला.

दांडा आवाज न करता फिरला. मला आधी वाटलं की उजेडच सरकतोय. मग माझा हात वर उचलला गेला आणि दांड्याकडे ओढला जाऊ लागला. दोरी मनगटात रुतली. मी ओरडले असेन, आठवत नाही. हात दांड्याला टेकला आणि त्याच क्षणी फास उलगडला. मी मागे पडले. पातं माझ्या खांद्याला घासून डोक्यावरून गेलं, मी तळाला सपाट पडून राहिले आणि वेल्डिंगची खपली काढायची छोटी हातोडी भिंतीवर आपटत राहिले. दांडा थांबला. वर मॅनहोलच्या गोलात काकांचा चेहरा दिसला. शिडी धरून ते खाली यायला लागले.

मनगट सुजलं होतं, खांद्याला खरचटलं होतं, इतकंच. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगून पट्टी बांधून दिली. घरी मी आईला सांगितलं की शिडीवरून पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर तिने मला परत पाठवलं नसतं, अशी माझी खात्री होती.

मॅनेजरसाहेबांनी दोघांनाही वेगवेगळं बोलावलं. मी म्हटलं चूक माझी, कुणाला न सांगता आत राहिले. काकांनी सांगितलं चूक त्यांची. साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काका कामावर आले नाहीत. तीन दिवस वाट बघून मी चौथ्या दिवशी ठाण्याला गेले.

काकी दारातच होत्या. त्यांनी आधी माझ्या हातावरची पट्टी बघितली, मग पिशवीतून बॅटरी काढून दोरी बघितली. फासाच्या जागी दोरा जरा पिंजारला होता. त्यांनी तो बोटांत धरला आणि एवढंच म्हणाल्या, "सुटला ना." मग त्यांनी आत वळून काकांना हाक मारली. काका बाहेर येईनात. काकींनी दुसऱ्यांदा मारलेली हाक शेजारच्या घरापर्यंत गेली असेल.

काका येऊन ओट्याच्या कडेला बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, मी आत बघलं व्हतं. अंधार दिसला. अंधार म्हनजे कोन नाय, आसं समजलो."

मला रडू आलं. या माणसाने मला बघायला शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, उद्या या. बॅटरीचं काम राहिलंय." कोणतं काम ते मलाही माहीत नव्हतं. निघताना काकींनी फास नव्याने बांधून बॅटरी माझ्या हातात दिली.

ते आले. आणि काम त्यांनीच शोधून काढलं. दोन दिवस ते आणि टर्नर लेथपाशी उभे होते. बॅटरीच्या बुडाखाली आणखी एक अंग आलं, वाटीच्या तोंडाएवढी पितळी चकती, आट्यांनी बसणारी, कडेला भोक असलेली. काकांनी ठरवून दिलं की टाकीत उतरायच्या आधी मी ही चकती सोडवून वरच्या कपलिंगला तारेने अडकवायची. मी वर आले की मीच काढायची. ती लटकत असेपर्यंत त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. चकतीवर काहीतरी लिहायला हवं होतं. आमच्याकडे ठोकायचे ठसे फक्त इंग्रजी अक्षरांचे होते, म्हणून त्यांनी छिन्नीने स्वतः अक्षरं कोरली. वेडीवाकडी, पण खोल. "आत बाय हाय."

पोरं हसली. पहिल्या दिवशी मीही हसले. मग मॅनेजरसाहेबांनी ती चकती मागवून घेतली, टेबलावर ठेवून पाहत राहिले आणि आत उतरणाऱ्या प्रत्येकासाठी तशी एकेक करायला सांगितलं. वेल्डरांच्या, ग्राइंडरवाल्यांच्या चकत्यांवर "आत मानूस हाय" असं आलं. अक्षरं काकांचीच. सुरक्षेचे छापील फलक आणि कुलपं येईपर्यंत काही वर्षं त्या वर्कशॉपमध्ये त्याच चकत्या चालल्या आणि माझ्या आठवणीत तिथे पुन्हा कुणाचा हात अडकला नाही.

ती बॅटरी मी नव्वदच्या दशकात कल्याणला दुसऱ्या कंपनीत गेले तेव्हाही सोबत नेली. तोवर हलक्या, रबरी, परदेशी बॅटऱ्या मिळायला लागल्या होत्या, नव्या ऑफिसने मला एक दिलीही. चांगली होती. तिचा उजेड आडवा करायला मात्र सगळा हात वाकवावा लागायचा, म्हणून ती टेबलाच्या खणात राहिली. पितळीच्या आतल्या स्प्रिंगवर एकदा सेल फुटून हिरवी बुरशी चढली, तेव्हा मी मानपाड्याला जाऊन टर्नरला शोधून काढलं. त्याने स्प्रिंग बदलून दिली, मान घासून दिली आणि माझ्या नव्या नोकरीबद्दल चक्क एक पूर्ण वाक्य बोलला. काका तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले तर ते संकोचून मागे सरले. मग खिशातून अर्धा घासलेला खडू काढून मला दिला, म्हणाले, मला आता कुठे लागतो.

आईला मी खरं सांगितलं ते फार उशिरा. शहाण्णव-सत्त्याण्णव असेल. संध्याकाळी दोघी भाजी निवडत होतो आणि बोलण्यात बोलणं निघून मी तिला सगळं सांगितलं, दांडा, दोरी, फास, चकती. शिडीवरून पडले नव्हते, हेही. आई ऐकत राहिली. तिने मेथीची जुडी निवडून संपवली.

मग म्हणाली, "मला माहीत होतं."

त्या वेळी, मी ठाण्याला जाऊन आल्यावर दोन-तीन दिवसांनी, मी कामावर असताना काकी डोंबिवलीला आमच्या घरी आल्या होत्या. पत्ता काकांकडून घेतला असणार. त्यांनी आईला सगळं सांगितलं, नवऱ्याच्या हातून काय झालं तेही लपवलं नाही, आणि माफी मागितली. येताना त्यांनी सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, आणले होते, डबाभर. आईने मला सांगितलं होतं की शेजारणीने दिलेत. मला ते आठवले. त्या महिन्यात आम्ही दोनदा सोड्यांची खिचडी खाल्ली होती आणि खिचडी चांगली झालीय म्हणून मी आणखी मागून घेतली होती.

मी विचारलं, मग मला अडवलं का नाहीस.

आईने काड्या सुपात भरल्या. म्हणाली, "त्या बाईंना मी विचारलं, पाठवू का हिला परत. त्या म्हणाल्या, दोरी मी पुन्हा बांधून दिलीय. आणि तू मला खोटं सांगितलंस, म्हणजे तुला जायचंच होतं. मग मी कशाला मध्ये येऊ?"

ती उठून आत गेली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी ठाण्याला काकींकडे गेलो. खोपटला एसटी डेपोपाशी उतरून आईने त्यांच्यासाठी चांगली जाड काठाची साडी घेतली आणि रंगावरून दुकानदाराशी अर्धा तास वाद घातला. काकींना हिरवा आवडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कसं, ते मी विचारलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या पाठीमागे त्या दोघींचं जाणं-येणं बरीच वर्षं चालू होतं.